फ्लू छातीचा आजार, मग हृदय, मेंदू आणि किडनी का बिघडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं वय ६४, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू. पीसीआरमध्ये इन्फ्लुएन्झा ए निघाला. पाचव्या दिवशी ताप उतरला, ऑक्सिजन ९५, एक्स-रे फारसा वाईट नाही. तरी ते असंबद्ध बोलतात, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) थोडं वाढलंय आणि क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा घटक) १.१ वरून १.९ वर गेलंय. छाती सुधारत असताना बाकीचं शरीर का बिघडतंय, आणि आता लक्ष कशावर ठेवायचं?

आधी हे लक्षात घ्या की विषाणू हृदयात, मेंदूत किंवा किडनीत शिरला म्हणून हे झालं असण्याची शक्यता कमी आहे. दरवर्षी येणाऱ्या फ्लूचा विषाणू श्वसनमार्गातच अडकून राहतो, आणि त्यामागे एक नेमकं कारण आहे. पेशीत शिरण्याआधी त्याच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन एका ठरावीक जागी कापलं जावं लागतं. ते कापणारी एन्झाइम्स मुख्यतः श्वसनमार्गाच्या अस्तरात असतात. एच५एन१ सारख्या घातक बर्ड फ्लूमध्ये ही जागा वेगळ्या घडणीची असते. शरीरभर सापडणारं फ्युरिन नावाचं एन्झाइमही ती कापू शकतं, त्यामुळे तो विषाणू फुफ्फुसाबाहेर पसरू शकतो. साध्या फ्लूमध्ये रक्तात जिवंत विषाणू क्वचितच मिळतो.

रक्तातून पसरते ती शरीराची प्रतिक्रिया. संसर्ग झालेल्या पेशी इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ असे संदेश सोडतात. अंग मोडून येणं, थंडी वाजणं, भूक मरणं हे सगळं त्यांच्यामुळेच होतं. आजार तीव्र असला की हेच संदेश सगळ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चेतवतात. अस्तर गळकं होतं, पाणी बाहेर झिरपतं, प्लेटलेट चिकट होतात आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. त्यात ताप, कमी झालेलं पाणी, कमी ऑक्सिजन आणि चालू असलेली औषधं यांची भर पडते. प्रत्येक अवयवाला यातला वाटा वेगळा मिळतो. जो अवयव आधीच काठावर असतो, तो आधी बोलतो. म्हणून त्याच विषाणूने तिशीतला माणूस आठवडाभर झोपून उठतो आणि मधुमेही ज्येष्ठाची किडनी रुसते.

हृदय

हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. फ्लूच्या साथीत हृदयविकाराने होणारे मृत्यूही वाढतात, हे १९३० च्या दशकातच आकडेवारीतून दिसलं होतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या रुग्णांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या इतर काळातल्या प्रमाणाच्या सुमारे ६ पट होतं. अमेरिकेत २०१० ते २०१८ या ८ हंगामांत फ्लूने रुग्णालयात दाखल झालेल्या ८०,००० हून अधिक प्रौढांची नोंद तपासली, तेव्हा जवळपास १२ टक्क्यांना हृदय किंवा रक्तवाहिन्यांची एखादी तीव्र घटना घडली होती. त्यात हार्ट फेल्युअर आणि हृदयाला रक्त कमी पडणं हे प्रकार सर्वाधिक होते.

कारण समजून घ्यायला नाडीकडे बघा. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत भरतं. नाडी ७० असेल तर ही विश्रांती अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त असते. ताप १ अंश सेल्सिअसने चढला की नाडी साधारण १० ने वाढते. ताप, धाप आणि कमी पाणी मिळून ती १२० वर गेली की विश्रांती पाव सेकंदाच्या आसपास येते. म्हणजे हृदयाची मागणी वाढलेली असते आणि रक्त भरायला वेळ निम्मा उरलेला असतो. धमनीत आधीच ५०-६० टक्के अरुंद जागा असेल, तर एरवी कधी न जाणवलेली ती जागा आता त्रास देते. दुसरा प्रकार असा की सूज चेतल्याने धमनीतला जुना चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी बसते आणि खराखुरा अटॅक येतो. तिसरा म्हणजे मायोकार्डायटिस, हृदयाच्या स्नायूचीच सूज. हा विरळा आहे, पण तरुणांतही होतो आणि काही तासांत हृदयाचं पंपिंग पाडू शकतो.

म्हणून वाढलेल्या ट्रोपोनिनचा एकच आकडा पुरेसा नसतो. सुमारे ३ तासांनी दुसरा नमुना घ्यायचा, सोबत इसीजी, आणि शंका असेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). आकडा जागच्या जागी असेल तर तो बहुधा आजाराच्या ताणाचा किंवा किडनीचा परिणाम. ठळकपणे चढत असेल, छातीत दाब असेल किंवा इसीजी बदलत असेल तर हार्ट अटॅक समजूनच पुढे जायचं. 'फ्लू आहे ना, म्हणून असेल' असं म्हणून इथे थांबणं महागात पडतं. मधुमेही माणसाला छातीत दुखेलच असं नाही. नुसता घाम, मळमळ, किंवा आडवं झाल्यावर वाढणारी धाप हीच त्याची खूण असू शकते.

मेंदू

ज्येष्ठांमधल्या गोंधळाला डिलिरियम म्हणतात. तो दिवसभरात कमीजास्त होतो, संध्याकाळी आणि रात्री वाढतो. तपासायची सोपी रीत म्हणजे आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. नेहमी सहज म्हणणारा माणूस मधेच हरवत असेल तर लक्ष टिकत नाहीये. काही ज्येष्ठांत तापच येत नाही, आणि अचानक झालेला गोंधळ किंवा तोल जाऊन पडणं हेच फ्लूचं पहिलं लक्षण असतं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र पहिलं काम बोटातून साखर तपासण्याचं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, जेवण निम्म्यावर आलं असेल आणि किडनी मंदावली असेल, तर औषध अंगात साठतं आणि साखर कोसळते. असंबद्ध बोलणं हे त्याचं नेहमीचं रूप आहे. ७० च्या खाली साखर असेल तर लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे ३ चहाचे चमचे, पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. नीट गिळत नसतील तर तोंडातून काही देऊ नका, शिरेतून ग्लुकोज लागेल. साखर ठीक असेल तर सोडियम, लघवी तुंबली आहे का, आणि औषधांची पिशवी बघायची. सर्दी-खोकल्याच्या सिरपमधलं क्लोरफेनिरामीन किंवा डायफेनहायड्रामीन ज्येष्ठांचं डोकं गढूळ करतं आणि लघवीही अडवतं. असं सिरप चालू असेल तर आजच बंद करा. आणखी एक गोष्ट, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड सांगत नाही. जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्यांचा जुनाट आजार) असलेला माणूस ९५ ऑक्सिजनवरही कार्बन डायऑक्साइड साठून सुस्तावू शकतो, आणि ते रक्तातल्या वायूंच्या तपासणीतच कळतं. अर्धं अंग लुळं पडणं, तोंड वाकडं होणं, वाचा जाणं हे डिलिरियममध्ये बसत नाही. फ्लूनंतरच्या काळात पक्षाघाताचा धोकाही वाढलेला असतो, तेव्हा तासांचा नाही, मिनिटांचा हिशोब ठेवायचा.

मुलांमध्ये चित्र वेगळं असतं. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाला तापात थोडा वेळ झटका येऊन ते पूर्ण भानावर आलं, तर तो बहुधा साधा तापाचा झटका. झटका ५ मिनिटांहून लांबला, पुन्हा आला, किंवा तासाभरानेही मूल ओळखत नसेल, तर तो एन्सेफॅलोपथीचा, म्हणजे मेंदूचं कामच बिघडल्याचा, इशारा समजा. याचं सर्वांत भयंकर रूप म्हणजे अक्यूट नेक्रोटायझिंग एन्सेफॅलोपथी. जपानमध्ये १९९५ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन झालं. ताप आल्यापासून १ ते ३ दिवसांत झटके आणि बेशुद्धी येते, आणि एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसला (मेंदूच्या खोल भागातल्या केंद्राला) एकसारखी इजा दिसते. पाठीच्या पाण्यात विषाणू बहुधा सापडत नाही. इथेही वार करणारी शरीराची प्रतिक्रियाच असते. काही कुटुंबांत आरएएनबीपी२ या जनुकातल्या बदलामुळे हे पुन्हा पुन्हा होतं.

मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. फ्लू किंवा कांजिण्यांत ॲस्पिरिन घेतलेल्या काही मुलांना बरं वाटू लागल्यावर अचानक उलट्या, मग चिडचिड, मग ग्लानी येते. यकृतात चरबी साठते, अमोनिया चढतो, मेंदूला सूज येते. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर डग्लस राय यांनी १९६३ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हा राय सिंड्रोम. अमेरिकेत १९७९-८० मध्ये ५५५ मुलांची नोंद झाली होती. ॲस्पिरिनविरुद्ध इशारे दिल्यावर १९८७ पासून हा आकडा वर्षाला ३६ च्या वर गेला नाही. मुलांच्या तापाला डायक्लोफेनॅक आणि मेफेनॅमिक ॲसिडही टाळावं असं माझं ठाम मत आहे. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, हे पुरतं. हृदयासाठी रोज छोट्या डोसात ॲस्पिरिन घेणाऱ्या प्रौढाने मात्र ते स्वतःहून थांबवू नये.

स्नायू आणि किडनी

हे दोन्ही एकत्र घेतो, कारण एकाची घाण दुसऱ्याच्या दारात जाऊन पडते.

फ्लूतली साधी अंगदुखी म्हणजे संदेशांचा खेळ, स्नायू तुटलेले नसतात. शाळकरी मुलांत, विशेषतः इन्फ्लुएन्झा बी नंतर, खरी स्नायूंची सूज येते. ताप उतरत असताना एका सकाळी मूल पलंगावरून उतरत नाही, किंवा टाचा न टेकता चवड्यांवर, पाय फाकवून चालतं. पोटऱ्या दाबल्या की कळवळतं. घरचे घाबरतात, लकवा वाटतो. तपासताना गुडघ्याचे आणि टाचेचे रिफ्लेक्स (हातोडीने ठोकल्यावर पाय आपोआप उडणं) नीट मिळतात, मांडीची ताकद असते, फक्त दुखतं म्हणून मूल पाय टेकत नाही. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारांत असू शकतो, तरी आठवडाभरात, बहुतेक वेळा त्याआधीच, सगळं पूर्ववत होतं. याउलट दुखणं फारसं नाही पण पायांतली ताकद खालून वर जात कमी होतेय आणि रिफ्लेक्स गेलेत, तर तो गिलाँ-बारे सिंड्रोम (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटण्याचा आजार) असू शकतो. तो सहसा संसर्गानंतर काही दिवस ते ६ आठवड्यांत येतो, आणि श्वासाचे स्नायू गाठण्याआधी रुग्णालयात पोचावं लागतं.

रॅब्डोमायोलिसिसमध्ये मात्र स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतलं मायोग्लोबिन, पोटॅशियम रक्तात येतं. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी होते. इथे लघवीच्या पट्टीवर रक्त भरपूर दाखवतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी जवळपास नसतात. पट्टी मायोग्लोबिनला रक्त समजते. हा विरोधाभास दिसला की सीपीके मागवायचाच. तो ५,००० च्या वर गेला की किडनीला धोका वाढतो. उपाय म्हणजे शिरेतून सलाईन. एरवी ताशी २०० ते ३०० मिली लघवी होईल इतकं देतात, पण फ्लूने सुजलेल्या फुफ्फुसात तेवढं पाणी ओतलं तर माणूस त्या पाण्यातच धापा टाकतो. म्हणून दर काही तासांनी छाती ऐकून, लघवी मोजून, हात आखडता घेत द्यावं लागतं. पोटॅशियमवरही डोळा हवा. इसीजीत टी लहरी उंच, टोकदार दिसू लागल्या तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं.

बहुतेकांच्या किडनीचं कारण यापेक्षा साधं असतं. ताप आणि घामातून पाणी गेलं, पिणं कमी झालं, रक्तदाब उतरला, आणि त्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक पडलं. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, रामिप्रिल गटातल्या गोळ्या आणि लघवीची गोळी सोबत असेल तर तिन्ही बाजूंनी कोंडी होते. किडनीच्या गाळणीत येणारी नळी आखडते, जाणारी सैल पडते आणि गाळणीतला दाबच संपतो. उलट्या-जुलाब असतील, पाणी जात नसेल, तर या रक्तदाबाच्या गोळ्या, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या ग्लिफ्लोझिन गोळ्या काही दिवस थांबवायच्या का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करायचं नाही. डोस बदलेल, पण तापाने साखर चढते आणि इन्सुलिन तोडलं की कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात. ग्लिफ्लोझिन गोळी घेणाऱ्यात साखर २५० च्या खाली असतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी आणि खोल जोरजोरात श्वास असेल तर साखरेचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका, कीटोन मोजा.

४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढणं किंवा ७ दिवसांत दीडपट होणं म्हणजे किडनीची तीव्र इजा. तुमच्या वडिलांचं सुमारे १.७ पट झालंय, म्हणजे तो निकष पार झाला. लघवी मोजा. किलोमागे ताशी अर्धा मिली ही किमान पातळी, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ८४० मिली. झाकणाच्या बाटलीवर खुणा करून ठेवल्या की अंदाजाचा खेळ राहत नाही.

रक्त, यकृत, गर्भारपण

लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट थोडे घसरणं नेहमीचं. प्लेटलेट झपाट्याने पडत असतील, ताप हटत नसेल आणि फेरिटिन (सूज चेतली की रक्तात चढणारं प्रथिन) हजारोंत असेल, तर एचएलएच या विरळ पण जीवघेण्या प्रकाराचा विचार व्हावा, ज्यात प्रतिकारशक्ती बेफाम होऊन स्वतःच्याच रक्तपेशी खाते. पायात किंवा फुफ्फुसात गुठळी होण्याची भीती असते म्हणून दाखल रुग्णांना बहुधा हेपारिन या गुठळी रोखणाऱ्या औषधाचं छोटं इंजेक्शन देतात. एक पोटरी सुजली किंवा धाप अचानक वाढली, तर लगेच सांगा. यकृताचे एन्झाइम थोडे वाढतात आणि उतरतात. मोठ्या वाढीमागे बहुधा शॉक किंवा जास्त झालेलं पॅरासिटामॉल असतं. सर्दीच्या पुड्या, गोळ्या, सिरप या सगळ्यांतलं धरून प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. वजन कमी किंवा यकृत दुबळं असेल तर त्याहूनही कमी. गर्भवतीला तीव्र आजाराचा आणि वेळेआधी प्रसूतीचा धोका जास्त, त्यामुळे तिला विषाणूविरोधी औषध लगेच सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत.

औषधाचा डोस आणि दुसरा चढ

ओसेल्टामिविर हे फ्लूचं विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी, पण रुग्ण दाखल होण्याइतका आजारी असेल तर उशीर झाला तरी देतात. प्रौढ डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस. हे औषध किडनीतून बाहेर पडतं. वडिलांचं वजन ७० किलो धरलं तर किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा (मिनिटाला किती मिली) हिशोब असा: १४० मधून वय वजा करा, ७६. गुणिले ७०, म्हणजे ५,३२०. त्याला ७२ आणि क्रिएटिनिनच्या गुणाकाराने भागा. क्रिएटिनिन १.१ असताना उत्तर ६७ येतं, १.९ ला सुमारे ३९. ६० च्या वर पूर्ण डोस, ३० ते ६० मध्ये ३० मिलिग्रॅम दोनदा, १० ते ३० मध्ये दिवसातून एकदाच ३०. क्रिएटिनिन अजून चढत असेल तर खरी क्षमता या आकड्यापेक्षाही कमी असते. पाच दिवसांपूर्वी लिहिलेला डोस आज बरोबर असेलच असं नाही, तेव्हा हा प्रश्न आजच्या राउंडला विचारा.

स्टेरॉइडबद्दल घरचे नेहमी विचारतात. निव्वळ फ्लूसाठी ती देऊ नयेत. दमा, सीओपीडी किंवा न आटोपणारा सेप्टिक शॉक (संसर्गाने कोसळलेला रक्तदाब) असं वेगळं कारण असेल तरच.

ताप उतरून एक-दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा थंडी वाजून ताप, पिवळी किंवा लालसर थुंकी आली, तर तो जिवाणूंचा दुसरा चढ. न्यूमोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस हे दोघे यात पुढे असतात. १९१८ च्या साथीतही बहुसंख्य मृत्यूंमागे असाच जिवाणूंचा न्यूमोनिया होता. इथून सेप्सिसकडे, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होण्याकडे, जायला काही तास पुरतात. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी आणि नवा गोंधळ, यांपैकी दोन जमले की थांबायचं नाही.

घरी सोडताना तीन तारखा लिहून घ्या. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम आठवड्याभरात, आणि किडनीची तपासणी लघवीतल्या अल्ब्युमिनसकट ३ महिन्यांनी पुन्हा. थांबवलेली प्रत्येक गोळी कधी सुरू करायची ती तारीख, कारण रक्तदाबाची गोळी कायमची राहून जाणं ही हमखास होणारी चूक आहे. आणि लसीची तारीख. हार्ट अटॅकनंतर लगेच फ्लूची लस दिलेल्या रुग्णांचा ८ देशांतला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा स्टेंट बंद पडणं यांचं एकत्रित प्रमाण लस घेतलेल्यांत ५.३ टक्के आणि न घेतलेल्यांत ७.२ टक्के होतं. मायोकार्डायटिसचं निदान झालं असेल तर ३ ते ६ महिने दमवणारा व्यायाम बंद. इको आणि होल्टर (दिवसभर लावून ठेवायचा इसीजी) बघूनच तो पुन्हा सुरू करायचा.